पुलीवरची दुसरी खूण

४ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार, तुझे गुडघे कसे आहेत वगैरे सगळं शेवटी विचारते. आधी ऐक. काकाने बाबांची गाडी जुन्या गाड्यांच्या चढाच्या शर्यतीत उतरवली आहे, आणि अर्जावर ‘गाडी घडवणारा’ म्हणून स्वतःचं नाव लिहून आलाय. बाबांना जाऊन अजून वर्षसुद्धा झालं नाही!

ती शर्यत तुला आठवत असेलच. जी गाडी न थांबता सगळ्यात कमी वेळात टेकडी चढते, तिच्या घडवणाऱ्याचं नाव पितळी पाटीवर कोरून क्लबच्या भिंतीवर लावतात. कायमचं. म्हणजे उद्या माझी पोरं त्या भिंतीसमोर उभी राहून काकाचं नाव वाचणार. ज्या माणसाने जन्मात टायरमध्ये हवा भरण्यापलीकडे काही केलं नाही, त्याचं! बाबांनी इतकी वर्षं ती गाडी जिवापाड जपली, पण शर्यतीत कधी उतरवली नाही. कुणी आग्रह केला की हसून विषय बदलायचे. त्यांचा स्वभावच तसा होता, मिरवायचं म्हणून नाही. आणि आता हा मिरवतोय.

गॅरेज त्याच्या ताब्यात, गाडी त्याच्या ताब्यात, आणि मी काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना ‘बसा हं, होईलच पाच मिनिटांत’ सांगते. काल चार माणसांसमोर मला म्हणाला, ‘तुझा बाप नुसता फडकं मारायचा गाडीवर. इंजिन उभं केलं ते मी.’ तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

तुझी हत्यारांची पेटी त्यानेच रस्त्यावर नेऊन ठेवली होती ना? बाबा सांगायचे, तुझ्यासाठी ते त्याच्याशी किती भांडले ते. म्हणून तुलाच लिहितेय. तू त्या गॅरेजात वाढलीस. मला एवढंच सांग, इंजिनाचं वाटोळं कसं करायचं? असं, की शर्यतीच्या दिवशी भर चढावर, सगळ्यांच्या देखत बसलं पाहिजे. टाकीत साखर टाकू का? मला त्याचं थोबाड बघायचंय, दुसरं काही नको.

गुडघ्यांना जप. तुझं ते डाव्या हाताचं, डावीकडे कललेलं अक्षर वाचायला मला तिरकी मान करून बसावं लागतं, तरी लवकर लिही.

तुझी भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरे,

साखर? अगं, कुठल्या सिनेमात बघितलंस? साखर टाकलीस तर फिल्टर तुंबेल, आमचा धाकटा, तुझा काका, टाकी धुऊन घेईल आणि पहिला संशय काउंटरवर बसलेल्या बाईवर येईल. सूड घ्यायचा तर जरा डोकं वापर की. नुसती भिंगरीसारखी फिरू नकोस.

आता मी न बघता सांगते ते बरोबर आहे का बघ. गाडी पिकअप घेत नाही. लवकर तापते. धाकटा पेट्रोलवाल्याच्या नावाने बोटं मोडतो. होय ना? आमचा दादा गेल्यावर त्याने हौसेने ठिणगीचे नवे पॉइंट घातले असणार, आणि इंजिनापुढच्या पुलीवरची रेघ दहाच्या आकड्यासमोर आणून टायमिंग लावलं असणार.

टायमिंग म्हणजे प्लगने ठिणगी कधी टाकायची ते. पिस्टन वर पोचायच्या जरा आधी टाकायची असते. फारच आधी टाकली तर इंजिन आतून ठोकतं, चढावर जोर आला की पिस्टनला भोक पडतं. उशिरा टाकली तर गाडी रडते. एवढंच शास्त्र आहे, बाकी सगळा भाव खायचा प्रकार.

तो दुपारचा जेवून आडवा होतो, अजूनही? मग तेव्हाच कर. टायमिंगचा दिवा दाराच्या मागे खिळ्याला असायचा. त्याच्या दोन वायरी बॅटरीला, तिसरी पहिल्या प्लगच्या वायरीला. डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्याला, एक बारीक नळी येते, व्हॅक्यूमची. ती काढ आणि तिचं तोंड बंद कर. तिचं म्हटलं, तुझं काही व्हायचं नाही. गाडी चालू करून दिवा पुलीवर धर. पुली फिरत असली तरी दिव्यात थांबल्यासारखी दिसते, आणि तिच्यावरची रेघ बाजूच्या पट्टीवर कुठल्या आकड्यासमोर आहे ते वाचता येतं. आता डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करून तो हळूहळू फिरव. रेघ शेवटच्या आकड्याच्याही पुढे, तुझ्या एका बोटाच्या रुंदीइतकी गेली की थांब. जास्त नको आणि कमी नको. नट आवळ. कुठल्याही मेकॅनिकला विचार, एवढं पुढे टायमिंग म्हणजे इंजिनाचा खून.

मग रेस देऊन बघ. जशी रेस वाढेल तशी रेघ आणखी पुढे सरकली पाहिजे, आणि अडखळत नाही, लोण्यासारखी. शेवटी डिस्ट्रिब्युटरकडची ती नळी तोंडाने ओढून बघ, आतली चकती हलली पाहिजे. वाटोळंच करायचंय तर एवढी तपासणी कशाला, असले प्रश्न विचारू नकोस. सांगितलं तेवढं कर.

त्या इंजिनाला पूर्वी दिवा लागत नव्हता. कान लावून ऐकणारं माणूस होतं तेव्हा.

आत्या


२० फेब्रुवारी

आत्या,

केलं! हात अजून काळे आहेत आणि धुवावेसे वाटत नाहीत.

काका घोरायला लागल्याबरोबर मी बॉनेट उघडलं. बाबांनी मला कधी बॉनेटला हात लावू दिला नाही, ‘मुलींचं काम नाही ते’ म्हणायचे. आज लावला. दिवा खिळ्यालाच होता, पण पाल बसली होती त्याच्यावर, तिच्याशी वाटाघाटी करण्यात वेळ गेला. रेघ नेमकी दहाच्या आकड्यावर होती, तू म्हणालीस तशी लावलेली. मी डिस्ट्रिब्युटर फिरवला, रेघ शेवटच्या आकड्याच्या पलीकडे बोटभर नेली. इंजिनाचा आवाज एकदम बदलला गं. आधी दमेकऱ्यासारखं चालत होतं, ते घट्ट झालं, एका दमात बोलायला लागलं. म्हटलं, मरायच्या आधी असंच होत असेल.

रेस दिली तशी रेघ छान सरकली, कुठे अडखळली नाही. नळी ओढली तर आत टुक्‌ झालं आणि तोंडात तेल आलं. खून केला आणि वर चवही घेतली!

नट आवळताना काका डोळे चोळत उभा. ‘इथे काय करतेस?’ म्हटलं, ‘बाबांचा चष्मा सापडत नव्हता, तो बघत होते.’ म्हणाला, ‘इंजिनात?’ मी म्हटलं, ‘त्यांचं सगळं इंजिनातच असायचं.’ तोंड वाकडं करून गेला.

आणि ते कान लावून ऐकणारं माणूस मी तीनदा वाचलं. बाबांची आठवण तुलाही येते, हे बरं वाटलं.

भिंगरी


२४ फेब्रुवारी

आत्या,

उत्तराची वाट न बघता लिहितेय, कारण माझ्या अंगाचा तिळपापड झालाय. काय करून ठेवलंस हे!

गाडी पळतेय. नुसती पळत नाही, उडतेय. काल काका तिला टेकडीवर घेऊन गेला, वर पोचून खाली आला तरी काटा तापायचं नाव घेईना. गॅरेजच्या कोपऱ्यावर गाडी उभी करून बॉनेट उघडलं, वीस-पंचवीस माणसं गोळा केली आणि सांगतोय काय, तर ‘मी कानाने लावलं टायमिंग. दिवाबिवा पोरासोरांसाठी.’ लोक त्याची पाठ थोपटत होते आणि मी काउंटरवरून बघत होते. माझ्याच हाताने मी त्याला पाटी मिळवून दिली!

तुला मुद्दाम करायचं होतं ना हे? शेवटी भाऊच तुझा तो. मला आपलं सांगायचंस तरी, की भिंगरे, मी तुझ्या बाजूची नाही म्हणून. मी मूर्खासारखी तेल प्यायले.

भिंगरी


२ मार्च

भिंगरे,

रागावून झालं? मग पाणी पी आणि नीट वाच.

पुलीवरची ती रेघ खोटी आहे. पुली दोन तुकड्यांची असते, आतला गाभा आणि बाहेरचं कडं, मध्ये रबर. फार वर्षांपूर्वी ते कडं रबरावरून घसरलं आणि रेघ घेऊन मागे पडलं. तशी दुसरी पुली कुठे मिळाली नाही. नंतर रबर सुकून दगड झालं, कडं तिथेच बसलं ते बसलं. तेव्हापासून रेघ आपली थापा मारते. रेघेवर लावलं की ठिणगी उशिरा पडते, आणि शेवटच्या आकड्यापुढे बोटभर गेलं की बरोबर लागतं. तू खून केला नाहीस, गाडी बरी केलीस.

आता कारण सांगते. आजारी गाडी घेऊन तो हरला असता, तर म्हणाला असता, दादाने गाडीची वाट लावून ठेवली होती, मी काय करणार. तुझ्या बाबांच्या नावावर बिल फाडून मोकळा झाला असता. आता तसं करता येत नाही. गाडी धडधाकट आहे आणि टायमिंग मी कानाने लावलं असं तो वीस-पंचवीस माणसांना सांगून बसलाय. मला तो तिथेच, उंचावर हवा होता. खाली पडायला उंची लागते ना.

शर्यतीचा नियम तुला माहीत नसेल. चढ चढायच्या आधी ज्याने गाडी घडवली त्यानेच परीक्षकांसमोर स्वतः टायमिंग तपासून दाखवायचं; तो हयात नसेल तरच त्याच्या घरच्या कुणी. त्याशिवाय घडवणारा म्हणून नाव लागत नाही. धाकटा दिवा धरेल. रेघ पट्टीच्या बाहेर दिसेल. परीक्षक भुवया वर करतील. ज्याने हे इंजिन खरंच उभं केलंय तो हसून सांगेल, रेघ खोटी आहे म्हणून. धाकट्याला ते ठाऊक नाही. त्याला घाम फुटेल आणि तो सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने, रेघ दहावर आणून ठेवेल.

तेव्हा तू गप्प बसायचं. ओठ चाव, पण बोलू नकोस. चढू दे त्याला. बसू दे.

बसलेल्या गाडीला चढायची आणखी एक संधी मिळते, तेव्हा पुढे हो. पुलीच्या कड्यावर, काजळी आणि ग्रीसच्या थराखाली, दुसरी खूण आहे. छिन्नीने मारलेली. पहिल्या प्लगच्या भोकातून बारीक सळई सोडून, पिस्टन अगदी वर कधी येतो ते बघून, मग मारलेली खरी खूण. ती पुसून काढ, खडू भर, दिवा मार. खरी खूण दहावर आली की काम झालं.

एक शब्द मात्र हवा. ज्या हाताने ती खूण मारली, त्याच हाताचं नाव पाटीवर येईल. दुसऱ्या कुणाचं नाही. देतेस?

आत्या


७ मार्च

आत्या,

दिला शब्द. एकदा नाही, शंभरदा दिला. आणि तुला नको नको ते बोलले त्याबद्दल भेटशील तेव्हा कान धरीन, माझेच.

भिंगरी


१९ मार्च

आत्या गं,

कुठून सुरुवात करू? चेहऱ्यापासूनच करते, तुला तोच हवा असणार.

काका नवा शर्ट घालून आला होता, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून. परीक्षक म्हणजे एक जाडजूड, निवृत्त मोटार-निरीक्षक. बोलायला मऊ, पण नजर अशी की माणूस आपोआप बटणं लावतो. त्यांनी दिवा काकाच्या हातात दिला. काका म्हणाला, ‘मी कानाने लावतो.’ ते म्हणाले, ‘कानाने लावा, आम्हाला डोळ्यांनी दाखवा.’ लोक हसले. काकाने दिवा मारला. रेघ पट्टीच्या बाहेर! परीक्षक वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. ‘अहो, हे काय? ही चढावर पिस्टन फोडेल. असंच ठेवलंय का तुम्ही?’

आत्या, त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, मग पुन्हा पांढरा. तोंड उघडत होता आणि मिटत होता. मग एकदम म्हणाला, ‘कुणीतरी हलवलंय!’ आणि पाना घेऊन स्वतःच रेघ दहावर आणून ठेवली. ‘आता बघा, आता चोख.’ परीक्षकांनी मान डोलावली. इंजिन लगेच दमेकऱ्यासारखं चालायला लागलं. मला ऐकू आलं ते! मलाही ऐकू येतं आता. मी ओठ चावला तो अजून सुजलेला आहे.

पहिल्या वळणापर्यंत गेली. मग वाफ, मग धक्का, मग नुसतीच उभी. लोकांनी ढकलत खाली आणली. काका आत स्टिअरिंग धरून बसलेला, कारण बाहेर यायची सोय राहिली नव्हती.

मी पुढे झाले. म्हटलं, ‘ज्यांनी ही गाडी घडवली त्यांची मी मुलगी. मला तपासू द्या.’ काका ओरडला, ‘तिला काय कळतंय, ती काउंटरवर बसते!’ परीक्षक म्हणाले, ‘तुम्हाला कळतंय ते बघितलं आम्ही, आता तिला बघू.’ इंजिन निवेपर्यंत थांबलो. मी रॉकेलचं फडकं घेऊन कडं घासलं. किती थर होते गं! आणि मग निघाली खूण. खोल, बारीक, सरळ नव्हे, डावीकडे कललेली. बाबांच्या हातची खूण. मला रडू आवरेना, रडतच खडू भरला. परीक्षकांनी स्वतः पहिल्या प्लगच्या भोकात सळई सोडून पुली हाताने फिरवली, दोनदा तपासलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘रेघ खोटी आहे. खूण खरी आहे. ज्याने मारली त्याला हे इंजिन माहीत होतं.’ आणि काकाकडे वळून, ‘तुम्हाला नव्हतं.’

मी टायमिंग लावलं, रेस दिली, खूण लोण्यासारखी सरकली. गाडी मीच चालवली. सगळ्यात कमी वेळात वर पोचले. आरशात बघितलं तर काका खाली दिवा हातात धरून तसाच उभा होता, वायरी जमिनीवर लोंबत होत्या.

पाटी पुढच्या महिन्यात कोरतात. मी बाबांचं नाव दिलंय. शब्द पाळला.

तुझी भिंगरी


२८ मार्च

भिंगरे,

चेहऱ्याचा भाग चारदा वाचला. वायरी लोंबत होत्या तो तर पाठ झालाय. इतकी वर्षं मी याचीच वाट बघत होते. समाधान झालं असं लिहिणार होते, पण अर्धंच झालंय.

शब्द तू पाळलेला नाहीस.

दादा डावखुरा होता का? नीट आठव. तो छिन्नी कुठल्या हातात धरायचा? धरायचाच नाही म्हणा. ती खूण मी मारली. इंजिन मी उभं केलं, सुट्या भागांच्या ढिगातून, गॅरेजच्या मागच्या पडवीत. कान लावून ऐकणारं माणूस मी होते. दादा बाहेर गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा आणि ‘कानाने लावलंय’ म्हणायचा. कुणी कुणाच्या कानाने ते विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

मला काढायचं ठरलंय हे कळलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ती खूण मारली आणि ग्रीस फासून झाकून टाकली. म्हटलं, बघू किती वर्षं खोट्या रेघेकडे बघत बसतात. दादा चतुर होता, मी लावून दिलेल्या टायमिंगला त्याने मरेपर्यंत हात लावला नाही. पॉइंट बदलले, पण डिस्ट्रिब्युटर हलवला नाही. शर्यतीत का उतरला नाही, ते आता समजलं? मिरवायचं नव्हतं म्हणून नव्हे. परीक्षकांसमोर रेघ पट्टीबाहेर का, हे सांगता आलं नसतं म्हणून.

आणि तो माझ्यासाठी भांडला म्हणालीस. धाकट्याने पेटी रस्त्यावर ठेवली तेव्हा दादा दारात उभा होता, खिशात हात घालून. मला म्हणाला, ‘छत्री राहिली बघ तुझी.’ भांडण म्हणतात ते एवढंच. धाकट्याचा मला नुसता राग आहे. दादाचा मी सूड घ्यायचा ठरवला होता. तो जिवंत असताना जमलं नाही.

पाटीवर माझं नाव आलं पाहिजे.

आत्या


२१ एप्रिल

आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की कागद फाडायचे.

तू मला वापरलंस. माझ्याकडून शब्द काढून घेतलास, माझ्या बापाचं नाव माझ्याकडून सगळ्यांसमोर घेववलंस, आणि मग ते काढून घ्यायला मलाच सांगतेस. काकाला उंचावरून पाडलंस, तसं मलाही चढवलंस. मी रडत खडू भरला ना, ते तुला आधीच माहीत होतं. मी बाबांची बाजू घेत नाही. ते खोटं बोलले असतील. पण ते माझे बाबा होते, आणि माझा ताप उतरेपर्यंत उशाशी बसायचे. हेही लिहून ठेव कुठेतरी.

तुझं पत्र घेऊन गॅरेजमध्ये गेले. काका आता मागल्या दाराने येतो-जातो, त्यामुळे निवांत होतं. बॉनेट उघडलं आणि पत्र खुणेशेजारी धरलं. तुझं अक्षर जसं कलतं, तशीच खूण कलली आहे, तंतोतंत. मग बॉनेट आपटून बंद केलं. फार जोरात आपटलं.

पाटी कोरणाऱ्याला हात थांबवायला सांगितलंय. पण नाव मी असं पत्रावरून देणार नाही. नियम नियमच. ज्याने घडवली त्याने परीक्षकांसमोर टायमिंग लावून दाखवायचं. मी टायमिंग मुद्दाम बिघडवलंय, किती आणि कुठे ते सांगणार नाही, आणि खुणेवर पुन्हा ग्रीस फासलंय. मेच्या दुसऱ्या रविवारी सकाळी गाडी घेऊन तुझ्या जिन्याखाली उभी राहते. परीक्षक शेजारी बसून येताहेत, त्यांनाच उत्सुकता जास्त. गुडघ्यांची सबब चालणार नाही. मला कानांनी ऐकायचंय. लागलं तर पाटीवर तुझं नाव. नाही लागलं तर बाबांचं, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

भिंगरी


२७ एप्रिल

भिंगरे,

ये. दिवा आणू नकोस.

डावा कान गेलाय माझा, आधीच सांगते, म्हणजे परीक्षकांनी नंतर काही काढायला नको. उजवा शाबूत आहे. तोही गेला असता तरी इंजिनावर हात ठेवून सांगितलं असतं. तू उशिराच्या बाजूला बिघडवलंस, कारण पुढे नेलंस तर पिस्टन जाईल ही भीती तुझ्या मनात मीच घातली आहे. चढावर तापेल येताना. पाणी घालून आण.

उशाशी बसायचा ते लिहून ठेवलं. माझ्याही उशाशी बसायचा लहानपणी. म्हणून तर एवढं लागलं.

धाकट्याला बरोबर आण. मागच्या सीटवर बसव, नाही म्हणाला तरी. आणि दादाचा भिंतीवरचा फोटो काढून पुढे काचेला टेकवून ठेव, तोंड बॉनेटकडे करून. दोघांनाही ऐकू दे.

पेटी कॉटखालून काढून ठेवली आहे. छत्रीही तिच्यातच आहे.

आत्या